बीटल्सच्या ध्वनिमुद्रिका आणि अण्णांचा कान

आमच्या घरीं एका गाण्यावरून सुमारें अठरा वर्षें वाद चालला होता. वादी आमचे थोरले बंधु अण्णा, वय आतां ऐंशीच्या घरांत. प्रतिवादी आम्ही स्वतः, आणि आमच्या पाठीशीं घरांतील झाडून सारी तरुण मंडळी. गाणें होतें बीटल्स मंडळींचें ‘शीज लीव्हिंग होम’. १९६७ सालीं आमच्या मामांनीं विलायतेहून परततांना अण्णांसाठीं ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ ही तबकडी आणली. अण्णा तेव्हां कॉलेजांत होते. वडील कचेरीस गेले कीं वाड्याच्या माडीवर ती तबकडी सुरू होई. आणि अण्णांना पेटीचा नाद असल्यामुळें प्रत्येक गाण्याचा सूर कोठें बसतो हें ते पेटीवर लावून पाहत. २००६ सालीं वाडा पडला, आमचीं तीन बिऱ्हाडें नव्या इमारतींत गेलीं, आणि जागेची अडचण पुढें करून आम्हीं अण्णांच्या तबकड्या, त्यांना पुरतें न विचारतां, जुन्या बाजारांत देऊन टाकल्या. मोबदला म्हणून एका स्नेह्याच्या सीडींवरून तेच सारे आल्बम एमपीथ्री स्वरूपांत उतरवून एकाच लहान चकतीवर आणून दिले, आणि मोठी कामगिरी केल्याच्या ऐटींत समोर बसलों. ‘शीज लीव्हिंग होम’ लागलें तेव्हां अण्णा म्हणाले, “सूर उतरलाय रे. हें पांढरी चारचें गाणें. इथें पांढरी तीन लागते.”

जुन्या फोनोची मोटर जलद फिरत असेल, असें आम्ही म्हणालों. “मोटर एकाच गाण्यापुरती जलद फिरते होय? बाकीचीं बहुतेक जागच्या जागीं आहेत,” अण्णा म्हणाले. यावर आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. तेव्हां, ज्यांच्यापाशीं उत्तर नसतें ते जें करतात तेंच आम्हीं केलें आणि अण्णांच्या वयाकडे बोट दाखविलें. साठी जवळ आली कीं कानाचें असेंच होतें, असें म्हणून गेलों. पुढें ती घरांतील थट्टाच झाली. तें गाणें लागलें कीं अण्णा उठून गॅलरींत जाऊं लागले.

या वादाचा निकाल गेल्या वर्षीं लागला. पण तो समजण्यास, त्या चौघांनीं सात-आठ वर्षांत गाणें मुद्रित करण्याची रीतच कशी पालटून टाकली आणि अशा मुद्रणाची नक्कल घेतांना काय टिकतें व काय गळतें, हें थोडें विस्तारानें सांगावें लागेल.

जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन व रिंगो स्टार हे चौघेही लिव्हरपूल बंदरचे. त्यांचा पहिला आल्बम ‘प्लीज प्लीज मी’ मार्च १९६३ मध्यें निघाला. त्यांतील चौदा गाण्यांपैकीं दहा गाणीं ११ फेब्रुवारी १९६३ या एकाच दिवशीं, लंडनच्या ॲबी रोडवरील ईएमआय कंपनीच्या स्टुडिओंत मुद्रित झालीं. लेननचा घसा सर्दीनें बसला होता. ‘ट्विस्ट अँड शाउट’ हें घसा फाडणारें गाणें म्हणून मुद्दाम शेवटीं ठेवलें होतें, आणि तें पहिल्याच फेरींत उतरलें. दुसऱ्या फेरीस आवाजच उरला नव्हता. म्हणजे तो आल्बम हा जवळजवळ एखाद्या बैठकीची टिपणी म्हणावी असा. फीत दोन मार्गांची. ढोबळ मानानें एका मार्गावर कंठ व दुसऱ्यावर वाद्यें. निर्माते जॉर्ज मार्टिन यांचा हेतु इतकाच कीं, मागाहून दोहोंचें प्रमाण जुळवून एकच मिश्रण करावें.

या एकाच मिश्रणाला मोनो म्हणतात: सारा नाद एका प्रवाहांत. डावा व उजवा असे दोन प्रवाह निराळे राखले कीं झालें स्टिरिओ. त्या काळीं विलायतेंत तरुण मंडळींच्या घरचें यंत्र मोनोच असे. म्हणून बीटल्सचें व मार्टिनचें सारें लक्ष मोनो मिश्रणावर असे, आणि स्टिरिओ मिश्रण मागाहून, पुष्कळदां त्या चौघांच्या गैरहजेरींत, उरकलें जाई. आजच्या वाचकास हें उलटें वाटेल. दोन मोठे कीं एक मोठा, असें विचारल्यास कोणीही दोनच म्हणेल. परंतु १९६८ पर्यंतच्या बीटल्सच्या बाबतींत ज्याला ‘कर्त्याच्या हातचा पाठ’ म्हणतां येईल तो मोनोच होय.

१९६३ च्या ऑक्टोबरांत स्टुडिओंत चार मार्गांची फीत आली. १९६४ च्या ‘अ हार्ड डेज नाइट’ मध्यें सारीं गाणीं लेनन-मॅकार्टनी यांचींच, एकही उसनें नाहीं. डिसेंबर १९६५ च्या ‘रबर सोल’ मध्यें हॅरिसननें ‘नॉर्वेजियन वुड’ या गाण्यांत सतार वाजविली. वाजविली म्हणण्यापेक्षां चांचपली म्हणणें अधिक योग्य. खरी उडी ऑगस्ट १९६६ च्या ‘रिव्हॉल्व्हर’ ची. त्यांत ‘एलिनर रिग्बी’ ला गिटार नाहींच. चार व्हायोलिन, दोन व्हायोला, दोन चेलो. ‘आय’म ओन्ली स्लीपिंग’ मध्यें गिटारचे सूर उलटे फिरविलेले. गायकाला तेंच पद दुसऱ्यांदा म्हणण्याचा कंटाळा. तेव्हां केन टाउनसेंड या स्टुडिओंतील तंत्रज्ञानें एकाच गळ्याची दुसरी छाया फितीनेंच पाडण्याची युक्ति काढली. ‘टुमॉरो नेव्हर नोज’ मध्यें तर फितीचीं लहान लहान वेटोळीं एकाच वेळीं निरनिराळ्या यंत्रांवर फिरत ठेवून त्यांचे आवाज हातानें कमीअधिक करीत मिश्रण केलें गेलें. तें मिश्रण पुन्हां तसेंच्या तसें करणें अशक्यच. २९ ऑगस्ट १९६६ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें त्यांचा शेवटचा तिकिटाचा जलसा झाला, आणि त्यांत ‘रिव्हॉल्व्हर’ मधील एकही गाणें नव्हतें. व्यासपीठावर जें वाजवितां येत नाहीं तें आतां केवळ मुद्रिकेंतच जगणार होतें. पूर्वीं मुद्रिका ही गाण्याची नक्कल असे. येथून पुढें मुद्रिका हेंच मूळ झालें. नक्कल बिघडली तर मूळ गायकाकडे जाऊन पुन्हां ऐकण्याची सोयच राहिली नाहीं.

‘सार्जंट पेपर’ चें काम नोव्हेंबर १९६६ ते एप्रिल १९६७ असें पांच महिने चाललें. पहिल्या आल्बमला एक दिवस पुरला होता हें ध्यानीं घ्यावें. मार्ग चारच. ते भरले कीं त्यांचें एकत्र मिश्रण दुसऱ्या फितीच्या एका-दोन मार्गांवर उतरवावयाचें आणि उरलेल्यांवर नवें भरावयाचें. ‘अ डे इन द लाइफ’ साठीं चाळीस वादकांचा ताफा बसविला. आल्बमच्या शेवटीं लेननच्या सूचनेवरून सेकंदाला पंधरा हजार कंपनांचा एक अतितार सूर घातला आहे. तो कुत्र्यांना ऐकूं यावा ही गंमत. माणसांतही तो लहानांस ऐकूं येतो व वय वाढेल तसा नाहींसा होतो. आम्हीं घरीं प्रयोग केला. मुलांनीं कानांवर हात ठेवले, सुनांनीं कपाळाला आठ्या घातल्या, आणि आम्ही वडील मंडळी ‘सुरू कधीं होणार?’ म्हणून विचारीत राहिलों. तोच प्रयोग आमच्या २००६ च्या एमपीथ्रीवर केला तेव्हां मुलांसही कांहीं ऐकूं आलें नाहीं. तो सूर त्या नकलेंत नव्हताच.

आतां अण्णांचें गाणें. ‘शीज लीव्हिंग होम’ मार्च १९६७ मध्यें मुद्रित झालें. मोनो मिश्रण करतेवेळीं फीत मुद्दाम जलद चालविली गेली. त्यामुळें गळा अधिक कोंवळा वाटतो, आणि गाणें पांढरी तीनवरून जवळजवळ पांढरी चारवर चढतें. स्टिरिओ मिश्रण मागाहून झालें तेव्हां फीत मूळ गतीनेंच राहूं दिली. स्टिरिओ गाणें मोनोहून सुमारें नऊ सेकंद लांब आहे, तें याच कारणानें. मामांनीं आणलेली तबकडी मोनो होती. १९८७ सालीं निघालेली सीडी, जिच्यावरून आम्हीं नक्कल घेतली, ती स्टिरिओ. दोन्ही मुद्रिका खऱ्या, दोन्ही ‘सार्जंट पेपर’. आणि अण्णांचा कान अठरा वर्षें बरोबर होता. २०१७ सालीं मार्टिन यांचे चिरंजीव जाइल्स यांनीं या आल्बमचें नवें स्टिरिओ मिश्रण केलें, तेव्हां त्यांनींही या गाण्यास मोनोचीच गति दिली. म्हणजे अण्णांच्या बाजूनें लंडनहून एक साक्षीदारही उभा राहिला.

हा भेद एका गाण्यापुरता नाहीं. नोव्हेंबर १९६८ च्या पांढऱ्या वेष्टनाच्या दुहेरी आल्बममध्यें ‘हेल्टर स्केल्टर’ स्टिरिओंत साडेचार मिनिटें चालतें, शेवटीं विरून पुन्हां उसळतें, आणि बोटांना फोड आल्याची रिंगोची आरोळी ऐकूं येते. मोनोंत तें गाणें सुमारें एक मिनिट आधींच संपतें व आरोळीचा पत्ता नाहीं. तेव्हां ‘हा आल्बम आम्हांपाशीं आहे’ असें म्हणणाऱ्यास ‘कोणता पाठ?’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पोथ्यांच्या बाबतींत आपले शास्त्री तो विचारीतच असत.

१९६९ च्या ‘ॲबी रोड’ पासून मोनो पाठ निघणें बंद झालें. आठ मार्ग आले, व्हॉल्व्हच्या ऐवजीं ट्रान्झिस्टरचें मिश्रणयंत्र आलें, मूग सिंथेसायझर आला. मंडळींत बेबनाव माजला होता, तरी हा आल्बम आमच्या मतें सर्वांत घोटीव. (१९७० चा ‘लेट इट बी’ मागाहून निघाला, पण त्याचें बहुतेक मुद्रण आधींचें, त्याविषयीं आम्हांला फारसें ममत्व नाहीं.) ‘ॲबी रोड’ च्या दुसऱ्या बाजूस अर्धींमुर्धीं गाणीं एकमेकांस जोडून एक लांब माळ गुंफली आहे. या माळेच्या मध्यभागीं मॅकार्टनीचें ‘हर मॅजेस्टी’ हें अवघ्या २३ सेकंदांचें गाणें होतें. १९६९ च्या जुलैअखेर माळ ऐकून पाहतांना तें त्यास खटकलें, आणि त्यानें जॉन कर्लँडर या फीत सांभाळणाऱ्या तरुण सहायकास तें कापून टाकून देण्यास सांगितलें. कर्लँडरनें कापलें, पण बीटल्सचें कांहींही टाकावयाचें नाहीं अशी त्यास वरिष्ठांची ताकीद होती. तेव्हां जमिनीवरचा तुकडा उचलून, मध्यें कोरी फीत घालून, त्यानें तो फितीच्या शेवटास जोडून ठेवला. पुढें आल्बम ऐकतांना, माळ संपून सारें शांत झाल्यावर एकाएकीं तें गाणें वाजलें आणि मॅकार्टनीस तें तेथेंच आवडलें. म्हणून आजही ‘हर मॅजेस्टी’ च्या आरंभीं मागल्या गाण्याचा शेवटचा ठोका ऐकूं येतो व त्याचा स्वतःचा शेवटचा सूर तुटलेला आहे. कात्री जशी चालली तशीच ती मुद्रिकेंत राहिली.

आणि आम्हीं काय केलें तें सांगतों. २००६ सालीं चकती तयार करतांना त्या आल्बमच्या शेवटीं २३ सेकंदांची एक चिमुकली फाईल दिसली. सुरुवातीस कसलासा धक्का, शेवट तुटका. उतरवितांना कांहीं बिघाड झाला असावा अशा समजुतीनें आम्हीं ती पुसून टाकली. लंडनच्या एका पोरगेल्या नोकरानें जमिनीवरून उचललेली वस्तु सदतीस वर्षांनीं आम्ही सुशिक्षित म्हणविणाऱ्यांनीं केराच्या टोपलींत टाकली. शिवाय ती जोडलेली माळ आमच्या नकलेंत जागोजागीं तुटत होती, कारण एमपीथ्री बनवितांना प्रत्येक फाईलच्या आरंभीं व अंतीं थोडी निःशब्द जागा भरली जाते. ती वगळण्याची सोय वाजविणाऱ्या यंत्रांत नसेल तर गाण्यांच्या सांध्यांत खांच पडते.

एमपीथ्रीचा दोष सांगण्यापूर्वीं त्याचा गुण सांगणें न्यायाचें होईल. सीडीवर नाद सेकंदाला ४४,१०० वेळां मोजलेला असतो. प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकीं एका पायरीवर बसवितात, आणि हें डाव्या व उजव्या प्रवाहासाठीं निरनिराळें. एका मिनिटास सुमारें दहा मेगाबाइट जागा लागते. जर्मनींतील फ्राउनहोफर संस्थेंतील कार्ल्हाइन्झ ब्रांडेनबुर्ग प्रभृति संशोधकांनीं माणसाच्या कानाचा एक स्वभाव हेरला: मोठ्या आवाजाच्या शेजारचा लहान आवाज ऐकूं येत नाहीं. जें ऐकूंच येत नाहीं तें ठेवावें कशाला? या तत्त्वानें नाद दहाव्या हिश्शांत मावूं लागला. पुरेशा जागेंत केलेल्या एमपीथ्रींत व मुळांत आम्हांला स्वतःला तरी फरक ओळखतां आला नाहीं, हें आम्ही मोकळेपणानें कबूल करतों. आमचें पाप निराळें. सारे आल्बम एका चकतीवर मावून वर भावगीतांसही जागा उरावी, म्हणून आम्हीं सेकंदाला ६४ हजार बिटांचें माप निवडलें. एवढ्याशा जागेंत वरचे सूर सरसकट छाटले जातात.

नऊवारी लुगडें ट्रंकेंत मावत नाहीं म्हणून त्याची घट्ट घडी घालणें निराळें, आणि नेसल्यावर जो भाग निऱ्यांत दडतो तो दिसत नाहीं म्हणून कातरून टाकणें निराळें. नेसणारीला आज फरक कळणार नाहीं कदाचित्. पण उद्यां त्याचें दुसरें कांहीं शिवावयाचें ठरलें तर कापड कोठून आणावें? एमपीथ्रीवरून पुन्हां एमपीथ्री केला कीं कात्री पुन्हां चालते. आणि कातरलेलें लुगडें मागाहून कितीही निगुतीनें घडी घातलें तरी नऊ वार भरत नाहीं. म्हणजे एमपीथ्रीचें रूपांतर पुढें कोणत्याही उंची स्वरूपांत केलें तरी गेलेलें परत येत नाहीं. बाजारांत असा माल पुष्कळ फिरतो.

नुसती घडी घालणाऱ्या पद्धतीस इंग्रजींत लॉसलेस म्हणतात. आम्ही तिला ‘अक्षत’ म्हणतों. अक्षतांचा दाणा तुटका चालत नाहीं हें आपल्या घरांतील मुलांनाही ठाऊक असतें. या पद्धतींपैकीं सर्वांत रुळलेली फ्लॅक. जॉश कोल्सन यांनीं ती रचली, २००१ सालीं तिची पहिली पूर्ण आवृत्ति निघाली, ती कोणासही फुकट वापरतां येते, आणि २०२४ च्या डिसेंबरांत तिचा आराखडा इंटरनेटच्या मानक-ग्रंथांत विधिपूर्वक दाखल झाला. तिची युक्ति सोपी आहे. नाद एकदम उड्या मारीत नाहीं. मागचीं कांहीं मापें पाहून पुढचें माप काय असेल याचा बराच नेमका अंदाज बांधतां येतो. तो अंदाज बांधण्याचा नियम व अंदाज आणि खरें माप यांतील लहानसा फरक, एवढेंच लिहून ठेवावयाचें. वाजवितांना पुन्हां तोच अंदाज करून त्यांत तो फरक मिळविला कीं मूळ माप अंकन् अंक परत मिळतें. ते लहान फरक आटोपशीर लिहिण्याच्या रीतीस राइस नांवाच्या संशोधकाचें नांव आहे. अक्षतांशीं त्याचा संबंध निव्वळ योगायोगाचा! साधारणपणें सीडीच्या निम्म्या किंवा थोड्या अधिक जागेंत काम भागतें. मोनो मुद्रिकेंत डावा-उजवा सारखेच असल्यामुळें त्याहूनही पुष्कळ कमी.

फ्लॅकमधील दुसरी सोय आम्हांला त्याहून मोलाची वाटते. प्रत्येक फाईलच्या आरंभीं मूळ मापांवरून काढलेली एक अंकमुद्रा नोंदलेली असते. दहा वर्षांनीं ती फाईल उलगडून मुद्रा पुन्हां काढावी. जुळली तर एकही बिट ढळलेला नाहीं. आपल्याकडे वेदपठनांत पदें, क्रम, जटा, घन अशा फेऱ्या घालून एकही अक्षर हललें नाहीं याची खात्री करीत. येथें यंत्र तेंच काम क्षणांत करतें. मात्र एक गोष्ट यंत्र करूं शकत नाहीं. आपण दिलेला पाठच चुकीचा असला तर तोही तें तितक्याच इमानानें अक्षत ठेवतें. आमच्या स्नेह्याच्या सीडीवरून आम्हीं २००६ सालींच फ्लॅक केलें असतें, तरी अण्णांचें गाणें पांढरी तीनमध्येंच अक्षत राहिलें असतें.

म्हणून कोणता पाठ कोठें सांपडतो हें माहीत हवें. १९८७ च्या सीडींत पहिले चार आल्बम मोनो आहेत, ‘हेल्प!’ व ‘रबर सोल’ यांचीं मार्टिन यांनीं नव्यानें केलेलीं स्टिरिओ मिश्रणें आहेत. सप्टेंबर २००९ मध्यें, स्टुडिओंतील मंडळींनीं चार वर्षें मूळ फितींवर काम करून, स्टिरिओचा एक व मोनोचा एक असे दोन स्वतंत्र संच काढले. ‘सार्जंट पेपर’ चा मोनो पाठ सीडीवर प्रथम तेव्हां आला. त्याच वर्षीं सफरचंदाच्या आकाराच्या एका लहान यूएसबी साधनांत सारा स्टिरिओ संच फ्लॅक स्वरूपांत, सीडीहूनही बारीक मापांनीं विकला गेला. २०२२ चें ‘रिव्हॉल्व्हर’ हें तर निराळेंच प्रकरण: एकाच मार्गावर मिसळलेलीं वाद्यें संगणकानें सुटीं करून नवें मिश्रण केलें आहे. ऐकावयास फार सुरेख आहे; पण १९६६ चें म्हणून तें कोणी ठेवूं नये. दोन्ही ठेवावें, आणि कोणतें कोणतें तें लिहून ठेवावें.

खुद्द कंपनीच्या घरींही सर्व कांहीं शाबूत नाहीं. ऑक्टोबर १९६२ च्या पहिल्या मुद्रिकेवरील, रिंगोनें तालवाद्य वाजविलेलें ‘लव्ह मी डू’, याची मूळ फीत राहिलेली नाहीं. पुढें तें गाणें काढतांना कोणीतरी जपलेल्या तबकडीवरून उतरवावें लागलें. हें वाचलें तेव्हां जुन्या बाजारांत गेलेल्या आमच्या गठ्ठ्याची आम्हांला फार आठवण झाली.

लिहून ठेवण्याविषयीं आणखी एक. ‘रिव्हॉल्व्हर’ मधील ‘लव्ह यू टू’ मध्यें तबला अनिल भागवत यांचा आहे, आणि त्यांचें नांव वेष्टनावर छापलें आहे. ‘सार्जंट पेपर’ मधील ‘विदिन यू विदाउट यू’ मध्यें दिलरुबा, तंबोरा व तबला वाजविणाऱ्या लंडनमधील भारतीय वादकांचीं नांवें मात्र वेष्टनावर नाहींत; तीं पुढें येण्यास जवळजवळ पन्नास वर्षें लागलीं. आणि मुंबईशीं या मंडळींचा जो प्रत्यक्ष संबंध, तो आल्बमांत शोधूं गेल्यास सांपडतच नाहीं. जानेवारी १९६८ मध्यें हॅरिसन एका चित्रपटाच्या संगीतासाठीं मुंबईस आला असतां फिरोजशहा मेहता रस्त्यावरील एचएमव्हीच्या स्टुडिओंत ‘द इनर लाइट’ चें वाद्यसंगीत मुद्रित झालें. दोन मार्गांचें यंत्र त्यासाठीं कलकत्त्याहून आणावें लागलें. सरोद आशीष खां यांचा, बांसरी हरिप्रसाद चौरसिया यांची. गळा फेब्रुवारींत लंडनला भरला, आणि मार्चमध्यें ‘लेडी मॅडोना’ या लहान तबकडीच्या पाठीवर तें गाणें निघालें. त्यांच्या त्या काळच्या कोणत्याही आल्बममध्यें तें नाहीं. सीडीवर तें १९८८ च्या ‘पास्ट मास्टर्स’ या संग्रहांत घेतलें आहे. नुसते आल्बम जपणाऱ्याच्या हातून मुंबईचें गाणेंच निसटतें. फ्लॅकच्या फाईलींत अशी माहिती लिहिण्यास जागा असते: पाठ कोणता, कोणत्या सालच्या सीडीवरून घेतला, वादक कोण. ती कोरी सोडूं नये.

कृतीविषयीं थोडक्यांत. सीडी वाचतांना प्रत्येक भाग दोनदां वाचून ताडून पाहणारी, व इतरांच्या प्रतींशीं मेळ घालणारी संगणकीय साधनें आहेत, तींच वापरावीं. तबकडी असेल तर ती आधीं मऊ ब्रशानें व ऊर्ध्वपातित पाण्यानें स्वच्छ करावी, सुई नवी घ्यावी, आणि खरखर काढण्याचा मोह आवरून पहिली नक्कल जशीच्या तशी ठेवावी. सीडीच्या मापाचा बीटल्सचा सारा संसार फ्लॅकमध्यें चार-पांच गिगाबाइटांत बसतो. तेव्हां तीन प्रती सहज होतात, आणि त्यांतील एक दुसऱ्या गांवीं, लेकीच्या घरीं ठेवावी. घरीं कोरलेल्या सीडींवर विसंबूं नये. आमची २००६ ची चकती आज निम्मी वाचली जात नाहीं. तिच्याबद्दल आम्हांला दुःख नाहीं. मूळ तबकड्या उभ्या, उन्हापासून व पावसाळ्यांतील ओलीपासून दूर ठेवाव्या. नक्कल झाली म्हणून मूळ टाकूं नये, हें आम्ही कोणत्या तोंडानें सांगावें?

गेल्या वर्षीं गणपतीच्या सुट्टींत पुतण्याचा मुलगा २००९ चा मोनो संच घेऊन आला. त्यानें दिवसभर बसून सीडी फ्लॅकमध्यें उतरविल्या, मुद्रा ताडून पाहिल्या, आणि रात्रीं आरती झाल्यावर ‘सार्जंट पेपर’ लावला. अण्णा आतां कानांत यंत्र घालतात. ‘शीज लीव्हिंग होम’ सुरू झालें तेव्हां ते संवयीनें उठले, गॅलरीच्या दारापर्यंत गेले आणि तेथेंच थांबले. मग परत येऊन त्यांनीं पेटी पुढें ओढली, भाता हलविला, आणि पांढरी चारवर बोट ठेवून गाणें संपेपर्यंत तें तसेंच दाबून धरलें. “किंचित् खालीं आहे,” ते म्हणाले, “पण चारच.”

आम्हीं क्षमा मागितली. वहिनी म्हणाल्या, अठरा वर्षें ऐकून घेतलें त्यांनीं. अण्णांनीं पेटीला खोळ घातली व बऱ्याच वेळानें विचारलें, “तबकड्या दिल्यास त्या कुणाला रे? दुकान आहे का अजून?”

आम्हांला त्या दुकानदाराचें नांवही आठवेना.